बुडालेल्या घरांनाही जिथे हाक मारतात

आईने पिशवी भरून दारात ठेवली, तेव्हाच माझं जाणं ठरलेलं होतं. पिशवीत डिंकाचे लाडू, आल्याच्या वड्या आणि एक जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं होतं. आई म्हणाली, "सवितेला घेऊनच ये. न्हाई म्हणली तर तिथंच बसून राहा. पण एकटा येऊ नको."

सविता माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती जिथे गेली त्याला गाव म्हणावं की बेट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुधना नदीवर धरण झालं आणि जुन्या गावाचा खालचा सगळा भाग पाण्यात गेला. बहुतेक लोक पुनर्वसनाच्या नव्या गावात राहायला गेले. वरचा उंचवटा तेवढा पाण्याबाहेर राहिला. त्यावर मेंढ्या पाळणाऱ्यांची काही घरं होती, ती तिथेच थांबली, कारण मेंढ्यांना चरायला तिथे माळ होता आणि नव्या गावात नव्हता. आसपासचे लोक त्या जागेला टेक म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी उतरलं की चिखलातून पायी जाता येतं. बाकी वर्षभर होडी.

ताईला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. शिवाय टेकावर अवघड वेळ आली तर ना रस्ता ना रुग्णवाहिका. पण ताई फोनवर दर वेळी तेच सांगायची, की तिच्याकडे हाक मारायचं काम आहे आणि ते असं सोडून येता येत नाही. आई चिडायची. म्हणायची, हाका मारायला पोरगी दिली का आपण?

मी परतूरच्या बाजारात मोटारपंपाच्या दुकानात कामाला आहे. बारावी अर्धवट राहिली तेव्हापासून तिथेच आहे. सुट्टी मागताना शेठना सगळं सांगावं लागलं. शेठचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण त्यांच्या आजोबांपासून परतूरलाच आहे. प्रत्येक अडचणीवर त्यांना एखादी वस्तू सुचते. त्यांनी माळ्यावरून एक भोंगा काढला, भंगारवाल्याच्या गाडीवर असतो तसा, आवाज भरून ठेवायची सोय असलेला. म्हणाले, "बहिणीचा आवाज भर, बटन दाब, काम खतम. बहिणीला जल्दी घेऊन ये." मला ते अगदी पटलं. टेकावर नेमकं काय चालतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी रस्ता सांगतो. परतूरहून आष्टीकडे जाणारी काळीपिवळी घ्यायची. ती भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून हाताशी वेळ ठेवा. मला तीस रुपये पडले आणि मांडीवर दुसऱ्याची कोंबडी आली. मधल्या एका फाट्यावर उतरायचं. फाट्यावरच्या हॉटेलात भजी चांगली आहेत, चहा मात्र पाकासारखा गोड. तिथून बैलगाडीच्या वाटेने चालत जायचं. पौष महिना होता. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उभ्या, आणि पुढे जसजसं जावं तसतशी शेतं बंद होत गेली. शेवटी वाट सरळ पाण्यात उतरली. म्हणजे रस्ता संपला असं नव्हे, तो पाण्याखालून पुढे गेलेला स्पष्ट दिसत होता. दोन्ही बाजूंचे दगड काही अंतरापर्यंत दिसले आणि मग हिरवट काळोख.

काठावरच्या बाभळीला एक पत्रा टांगलेला आहे. तो वाजवायचा आणि कोणाच्या घरी जायचं ते ओरडून सांगायचं. मी वाजवला. बऱ्याच वेळाने दाजी होडी घेऊन आले. ताईचे यजमान, ज्ञानोबा. त्यांनी आधी पिशवी पाहिली, मग माझ्या गळ्यातला भोंगा.

"मेव्हणे, भंगार घ्यायला आले का?" ते म्हणाले. "आमच्याकडं जुना माल एक मीच हाय. वजनात बराबर भरंन."

मला पाण्याची भीती वाटते, म्हणून मी होडीच्या मधोमध बसलो. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले होते, पानं नसलेले, बगळ्यांच्या विष्ठेने पांढरे पडलेले. दाजी वल्हं मारता मारता खालची ठिकाणं सांगत होते. ही वेस. ही शाळा. हे वाण्याचं घर. एका जाड लिंबाच्या शेंड्याजवळ ते म्हणाले, हे लोहाराचं घर, हा त्याच्या दारातला लिंब. तिथे त्यांनी वल्हं अगदी हळू केलं. मी कारण विचारलं.

"लोकाच्या घरावरून जोरात जाऊ न्हाई," ते म्हणाले.

ताई उतारावर उभी होती. चेहऱ्याने वाळलेली, पोटाने मोठी. तिने मला जवळ घेतलं आणि पहिलं काय विचारलं असेल तर आईने वड्यांत आलं जास्त टाकलंय का. तिच्या सासूबाई, गयाबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो, दारातच बसून लोकर पिंजत होत्या. त्या म्हणाल्या, बरं झालं आला, तू तरी तिला समजाव, माझं ऐकत न्हाई. मला आश्चर्य वाटलं. मला वाटत होतं, सासरचेच तिला अडवतात.

मी विचारायला लागलो आणि दाजी मला टेकभर फिरवून दाखवायला लागले. टेकावर आग लागली तर अग्निशमनची गाडी येऊ शकत नाही. मावशींनी सांगितलं की एकदा आली होती. काठावर उभी राहिली, वरचा लाल दिवा फिरत होता, आणि गाडीतली माणसं पाण्याच्या पलीकडून बघत उभी होती. ती तरी काय करणार? तेव्हापासून टेकाने आपलं आपण बसवून घेतलं आहे. प्रत्येक घराला एक काम लावून दिलेलं आहे आणि अडचणीच्या वेळी घर त्याच नावाने ओळखलं जातं. एक पाण्याचं घर, त्यांच्याकडे डिझेलचा पंप आणि पाइप. पंपाची मी तपासणी केली, वॉशर तेवढा बदलायला झाला होता, बाकी ठीक. एक दोराचं घर, त्यांच्याकडे दोर आणि ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा, बुडत्याला फेकायला. एक होडीचं घर, ते दाजींचं. एक दावणीचं घर, त्यांनी आगीकडे बघायचंसुद्धा नाही, फक्त जनावरं आणि मेंढ्या सोडायच्या. कडब्याच्या गंज्या घरांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला रचलेल्या. ऊन चढून वारा सुटला की चूल विझवायची, हा नियम तर नव्या सुनेला पहिल्या दिवशी सांगतात. मी स्वतः आगीला घाबरणारा माणूस आहे, घरून निघताना गॅसचं बटण दोनदा बघतो. टेकावर मला पहिल्यांदा वाटलं की मी शहाण्या लोकांत आलो.

आणि हाकेचं कामही दाजींच्याच घराकडे. ते आधी मावशींचं, आता ताईचं.

दिवस मावळायला ताई टेकाच्या माथ्यावर गेली. मी मागे गेलो. तिने मला आधीच बजावलं, काही झालं तरी मध्ये बोलू नको. वारा पडला होता. पाणी शिशासारखं दिसत होतं. तिने तोंडाशी हात धरला आणि हाक दिली. लहानपणी मेंढ्या वळवताना मी तिची हाक ऐकली आहे, पण ही वेगळी होती. वरच्या पट्टीतली, न थरथरणारी, पाण्यावरून घसरत दूरपर्यंत जाणारी.

"लक्ष्मणाचं घर."

कुठूनतरी परात वाजली. टण्ण.

"येडूबाचं घर." इथे नांगराचा फाळ वाजला. "काशीआजीचं घर." इथे थाळी, पण उशिरा आणि बारीक. प्रत्येक घराची वाजवायची वस्तू वेगळी. ताई पुढचं नाव घ्यायची थांबली, खाली वळून दाजींना म्हणाली, "आजी डाव्या हातानं वाजवून राह्यली. बघून या." दाजी गेले. नंतर कळलं की आजीचा उजवा खांदा धरला होता आणि तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

सगळी घरं झाली. माझंही नाव आलं, "ज्ञानोबाचं घर, पाहुण्यासकट", आणि खाली मावशींनी तांब्या दोनदा वाजवला. मला वाटलं झालं. ताई मात्र वळली. टेकाकडे पाठ केली आणि पाण्याकडे तोंड.

"वेशीतलं घर," तिने हाक दिली.

समोर नुसतं पाणी होतं. ती थांबली, एक पूर्ण श्वास घेऊन सोडेपर्यंत. मग, "शाळा." पुन्हा तेवढंच थांबली. "वाण्याचं घर." "लोहाराचं घर." प्रत्येक नावानंतर ती मान किंचित वाकडी करून ऐकत होती. मीही ऐकत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, कुणी ओ देऊ नये.

जेवताना मावशींनी कारण सांगितलं. भाकरी, मेथीची भाजी आणि मेंढीच्या दुधाचं दही होतं, पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. पाणी आलं, लोक गेले, तेव्हा गेलेल्यांची नावं हाकेतून काढून टाकली होती. रिकाम्या घराला कोण हाक मारतं? काठाच्या अंगाला एक बंद घर होतं. त्याचा मालक नव्या गावात करमेना म्हणून कुणाला न सांगता परत आला होता आणि आत झोपला होता. घर पेटलं. टेकावरचे सगळे धावले, बाहेरून पाणी मारून आग बसवली आणि शेजारची गंजी वाचली म्हणून समाधानाने घरी गेले. आत कुणी डोकावलं नाही, कारण घर रिकामं आहे हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

"सकाळी सापडला," मावशी म्हणाल्या. "तवापासून आमच्यात एकदा नाव चढलं की उतरत न्हाई. घर पाण्यात गेलं तरी न्हाई."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. टेकावर अनोळखी आवाजाच्या हाकेला कुणी ओ देत नाही. पाण्यावर हाका येतात, त्या माणसाच्याच असतील असं नसतं. म्हणून हाक मारणारी बदलायची असली तर नव्या बाईचा आवाज घरांच्या ओळखीचा व्हायला महिना-महिना जातो. मावशींचा आवाज आता फाटला होता, दूरच्या घरांपर्यंत पोचत नव्हता. दुसऱ्या कुणाची घरांना सवय नव्हती. ताई का अडकली होती ते मला समजलं.

मी भोंगा पुढे ठेवला.

दाजींना तो लगेच पसंत पडला, इतका की मला शंका यायला हवी होती. आवाज ताईचाच, म्हणजे ओळखीचा. बटण मावशींनी दाबायचं. ताईने भोंगा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. शेवटी म्हणाली, बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माथ्यावर आवाज भरला. भोंग्यात ठरावीक वेळेपुरतंच भरता येतं. पूर्ण हाक त्यात मावेना. शेवटची नावं तुटत होती. मी मागेपुढे बरंच करून पाहिलं आणि उपाय काढला. टेकावरच्या घरांना उत्तर द्यायला वेळ लागतो, तिथे जागा सोडायची. पाण्यातल्या घरांकडून उत्तर येत नाही, तर तिथे थांबायचं कारण नाही. ती चार नावं लागोपाठ घ्यायची. ताई म्हणाली, असं न्हाई चालत. मी म्हणालो, नाव तर एकही काढत नाही ना? तिने पुन्हा तोंडाशी हात धरला. माझा हिशेब बरोबर होता.

त्या संध्याकाळी भोंगा वाजवून पाहिला. ताई माझ्या शेजारी तोंड मिटून उभी होती आणि तिचा आवाज तिच्या डोक्यावरून पाण्यावर चालला होता. सगळ्या घरांनी उत्तर दिलं. ताईने पदर गुंडाळून घेतला. "माझाच हाय का तो?" ती म्हणाली. "मेलेल्या बाईसारखा वाटतो." दाजी म्हणाले, घरात इतकी गप्प असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. पण उजाडता निघायचं ठरलं.

हाक दोनदा असते, दिवस मावळताना आणि उजाडताना. सकाळी धुई पडली होती. मराठवाड्यात राहून मी एवढी दाट धुई पाहिलेली नव्हती. होडीचं टोक दिसत होतं, त्यापुढे काही नाही. दाजी म्हणाले, वाट हाताला माहीत आहे, चला. मावशी बटण दाबायला माथ्यावर गेल्या. ताई गाठोडं मांडीवर घेऊन बसली. आम्ही काठापासून थोडे आत गेलो असू तेव्हा मागून, वरून, धुईतून ताईचा आवाज आला.

"लक्ष्मणाचं घर."

परात वाजली. दाजी वल्हं मारत राहिले. ताई माझ्यासमोर बसली होती, ओठ मिटलेले, आणि तिचीच हाक चारी बाजूंनी येत होती, कारण धुईत आवाजाची दिशा कळत नाही. फाळ वाजला, थाळी वाजली, एकेक घर झालं. मग पाण्याकडची नावं सुरू झाली. वेशीतलं घर, शाळा, वाण्याचं घर, लोहाराचं घर, एकाला एक लागून, मी बसवली होती तशी. त्यातच कुठेतरी, वाण्याच्या आणि लोहाराच्या नावाखाली दबून, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला.

मला वाटलं, टेकावरच्या एखाद्या घराने उशिरा वाजवलं. भोंगा बंद झाला. दाजी पुढे निघाले.

"थांबा," ताई म्हणाली. "फाळ असा वाजत न्हाई. टेकावर असलं वाजणारं काहीच न्हाई."

दाजींनी वल्हं वर घेतलं. वल्ह्यावरून पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत कुणी बोललं नाही. ताईने तोंडाशी हात धरला आणि बसल्या जागेवरून हाक दिली, हळूहळू, एकेक. वेशीतलं घर. थांबली. शाळा. थांबली. वाण्याचं घर. मी दोन्ही हातांनी होडीची कड धरली होती.

"लोहाराचं घर."

काही नाही. ती तेवढीच थांबली, मग आणखी थोडी थांबली. मी म्हणायला तोंड उघडणार होतो की चला. तेवढ्यात उजव्या अंगाला, आमच्या जवळच, स्वच्छ वाजलं. टण्ण. आणि पुन्हा, टण्ण.

दाजींनी होडी वळवली. नियम तसाच आहे, ज्या घराचं उत्तर आलं नाही किंवा नेहमीपेक्षा वेगळं आलं, तिथे होडीच्या घराने जायचं. कुठलं घर आहे ते विचारायचं नाही. धुईतून लिंबाचा पांढरा शेंडा वर आला आणि त्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात एक माणूस होता. छातीपर्यंत पाण्यात, हनुवटी फांदीवर टेकलेली, डोळे उघडे. मला तो मेलेला वाटला. दाजींनी होडीत कायम ठेवलेली ट्यूब टाकली, पण त्याचे हात फांदीवरून सुटत नव्हते, एकेक बोट उकलावं लागलं. ते काम मी केलं. त्याची बोटं ओल्या लाकडासारखी होती.

त्याला टेकावर आणलं. शेकोटीजवळ नेऊ दिलं नाही मावशींनी. एकदम शेक दिला तर माणूस जातो, म्हणाल्या. त्याचे ओले कपडे काढून घोंगडीत गुंडाळला आणि वाड्यात मेंढ्यांच्या मधोमध निजवला. मेंढ्या आधी बाजूला झाल्या, मग परत त्याला चिकटून बसल्या. टेकावर गारठलेल्या माणसाला असंच ठेवतात. ताई दाराशी बसून राहिली. ऊन वर आलं, धुई फाटली, तेव्हा त्याला कापरं भरलं. मावशी म्हणाल्या, आता जगतो.

तो पलीकडच्या काठावरचा मासे धरणारा होता. अंधार असतानाच जाळी उचलायला आला होता आणि त्याचा थर्माकोलचा तराफा झाडावर आपटून फुटला. बोलता यायला लागल्यावर त्याने सांगितलं, की हाक ऐकू आली होती, पण तोंड उघडत नव्हतं. पहिल्यांदा हाक निघून गेली तेव्हा त्याने आशा सोडली होती.

मला एक गोष्ट समजून घ्यायची होती. मी विचारलं, वाजवलं कशानं?

त्याने माझ्याकडे बघितलं. "मी न्हाई वाजवलं," तो म्हणाला. "हात कुठं मोकळे होते? मला वाटलं, तुम्हीच वाजवून राह्यले."

दुपारी मी दाजींना घेऊन लिंबाजवळ परत गेलो. असं काही अर्धवट राहिलं की मला झोप येत नाही. फांद्या पाहिल्या, शेंड्याभोवती बांबू घालून पाहिला. पत्रा नव्हता, साखळी नव्हती. त्याच्या जाळ्याला प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या, त्या वाजत नाहीत. बांबू खाली कशालातरी टेकला, टणक आणि सपाट. दाजी म्हणाले, बस झालं, आणि होडी वळवली.

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लोकर पिंजायचं थांबवलंसुद्धा नाही. "लोहाराच्या घरात वाजवायला काही नसंल का?" त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ताई म्हणाली की ती येते. मला वाटलं होतं, आता तर ती मुळीच हलणार नाही. ती म्हणाली, त्या माणसाला टेकापर्यंत आणायला किती वेळ गेला ते मी बघितलं. "तो एकटा होता. मी दोघं हाय." मग हाकेचं काय करायचं, यावर सगळी घरं आमच्या अंगणात जमली. भोंग्याचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही, तो मी पिशवीच्या तळाशी घातला होता. ठरलं असं, की टेकावरच्या घरांनी एकमेकांना हाक द्यायची. लक्ष्मणाने येडूबाला, येडूबाने काशीआजीला. शेजाऱ्याचा आवाज तर ओळखीचाच असतो. आजपर्यंत हे का सुचलं नाही, म्हणून ते एकमेकांना टोमणे मारायला लागले.

"आणि खालची घरं?" ताईने विचारलं.

"त्यांना मी मारते," मावशी म्हणाल्या. "फाटका असू दे. तू तर पाणी आल्यावर लग्न होऊन आली, त्यांनी तुला पाह्यलेलं बी न्हाई. माझा आवाज त्यांच्या ओळखीचा हाय."

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर निघालो. जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की टेकावर सहलीला म्हणून जाऊ नका. तिथे कुणी ओळखीचं असेल तरच जा, हाकेच्या वेळी फोटो काढू नका आणि बोलू नका. खर्च काहीच येत नाही, होडीचे पैसे ते घेत नाहीत. चहा-साखर न्या. पंपाचा वॉशर नेलात तर फार बरं.

ताई परतूरला आली आणि महिन्याभरात तिला मुलगी झाली. दवाखान्यात, कसलाही त्रास न होता. टेकावर फोनची रेंज फक्त माथ्यावर येते, म्हणून मावशी हाकेच्या वेळी तिथे गेल्या की फोन करायच्या आणि सगळी घरं बोलली असं कळवायच्या. बाळाला घरी आणलं त्या संध्याकाळीही फोन आला. ताईने आवाज मोठा करून फोन पाटावर ठेवला. मावशी थेट हाकाच मारत होत्या. वेशीतलं घर. शाळा. वाण्याचं घर. लोहाराचं घर. दरवेळी मधली ती शांतता आमच्या स्वयंपाकघरात येत होती आणि गॅसचा बारीक आवाज तेवढा ऐकू येत होता. मग मावशी म्हणाल्या, "परतूरचं घर."

आई कणीक मळत होती. इतके दिवस ती या हाकांना नावं ठेवायची. ताई बाळाला घेऊन बसलेली, तिला उठता येईना. आईने आमच्या दोघांकडे पाहिलं, पिठाच्या हातानेच झाकण उचललं आणि परातीवर मारलं. बाळ दचकलं, रडलं नाही.

"ऐकलं," पलीकडून मावशी म्हणाल्या.

चैत्रात ताई बाळाला घेऊन परत गेली. दाजी न्यायला आले होते, भंगाराचा विनोद त्यांनी पुन्हा केला. नाव मात्र उतरलेलं नाही. फोन रोज येतो. शेठना भोंगा परत दिला, चालला का विचारलं तर चालला म्हणालो, कारण चालला होताच. कधीतरी आम्ही या घरात नसू, घर बंद असेल किंवा दुसऱ्याचं असेल, आणि तरीही तिकडे पाण्याच्या मधोमध कुणीतरी परतूरच्या घराला हाक मारेल आणि एक श्वासभर ऐकत थांबेल. याने धीर यावा की भीती वाटावी, हे मला अजून कळलेलं नाही. दिवस मावळायच्या आत मी घरी पोचतो. आजवर एकदाही चुकलेलो नाही.